सहावी ‘ब’चा ठराव

कुमुद, तुझ्या बेसण्याला, म्हणजे इथल्या शोकसभेला, बसून आत्ताच घरी आलेय. पाय धुतले, चहा ठेवला, आणि तो उतू गेला तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही, इतकी मी चिडलेली आहे. तुझ्यावरच. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू होतीस तेव्हाही मी चिडतच होते, तेव्हा नवीन काही करत नाहीये.

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आज पांढऱ्या चादरीवर मांडी घालून अनुभवली. तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार होता आणि कुणीतरी असलं रडकं भजन लावलं होतं की तू स्वतः उठून बंद केलं असतंस. मीनाबेन डोळे पुसत होत्या. हो, आपल्या शाळेतल्या त्याच मीनाबेन, ज्या तुझ्या शनिवारच्या सभेला ‘कुमुदबेनचा तमाशा’ म्हणायच्या. आणि जो येईल तो एकच गोष्ट सांगत होता. सहावी ‘ब’च्या वर्गाने ठराव करून एका मुलीला डबा खायला वर्गाबाहेर बसवलं, तर कुमुदबेनसुद्धा आपला डबा घेऊन तिच्या शेजारी व्हरांड्यात जाऊन बसल्या. “कुमुदबेन तो देवी हतां,” असं म्हणून लोक तुझ्या फोटोला हात जोडत होते.

निघताना आपल्या शाळेच्या आचार्यांनी मला दारात गाठलं. “रेखाबेन, प्रार्थनाखंडमां कुमुदबेननो फोटो मूकीए छीए. नीचे तमे बे शब्द लखी आपो. पेली लॉबीवाळी वात तो खास.” म्हणजे फोटोखाली मी दोन शब्द लिहायचे, आणि त्यात व्हरांड्याची गोष्ट हवीच. रोज सकाळी प्रार्थनेला उभी राहणारी पोरं ती वाचणार. मी मान हलवली आणि रिक्षात बसले. ते दोन शब्द गुजरातीत लिहायचे आहेत. मी बसलेय मराठीत लिहायला, म्हणजे हे काही भिंतीवर लागायचं नाही.

आपल्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच. दोघींचा विषयही एकच, सामाजिक विज्ञान. तू सहावीला, मी सातवी-आठवीला, मध्ये एक लाकडी पार्टिशन. तू बडोद्याच्या जुन्या वस्तीतली, घडियाळी पोळातली, पणजोबा संस्थानच्या फौजेत, त्यामुळे हे शहर तुझ्या घरच्यांनीच वसवलं असा तुझा एकूण थाट. मी नाशिकहून लग्न होऊन आलेली, नवरा रिफायनरीत. “तुम्ही रिफायनरीवाले कालचे,” असं तू चारचौघांत म्हणायचीस. मी नवी असताना तू एकदा फोनवर म्हणालीस, “रेखा, आज मला मजा नाही, माझा पिरियड घे.” मी विचारलं, कशात मजा नाही? तब्येत बरी नसली की बडोद्यात असंच म्हणतात, हे तू मला असं काही ऐकवलंस की त्यानंतर मी आजारी पडायलाही घाबरायची.

आपण भांडायचो मराठीत, बाकीच्यांना कळू नये म्हणून. बडोद्यात मराठी न कळणारा माणूस शोधून काढावा लागतो हे इतकी वर्षं आपल्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. सगळी स्टाफरूम खाली मान घालून वह्या तपासत ऐकत असायची. भांडणाचा विषयही सगळ्यांना पाठ होता. मी धडा शिकवायची, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची आणि माझा अभ्यासक्रम दिवाळीच्या आधी निम्मा संपलेला असायचा. तू म्हणायचीस, “तुझी पोरं मूलभूत कर्तव्यं घडाघडा म्हणतात आणि नळावर धक्काबुक्की करतात.” मी म्हणायची, “आणि तुझी पोरं रांग कुठून लावायची यावर मतदान करतात, तोवर नळाचं पाणी जातं.” दोघींचंही खरं होतं. पण कबूल करण्याची पद्धत आपल्यात नव्हती.

तुझी शनिवारची सभा. शेवटच्या तासाला बाकं भिंतीला लावायची, मुलांनी गोल बसायचं, ज्याला जे मांडायचं ते त्याने मांडायचं, मग हात वर. पंख्याखाली कोण बसणार, खिडकी कोणाची, गृहपाठ शुक्रवारी असावा का. झालेला ठराव तू फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचीस आणि तो तुलाही लागू. पंख्याचा ठराव झाला तेव्हा तुझी खुर्ची पंख्याखालून हलली आणि मे महिन्याच्या तोंडावर तू घामाने निथळत शिकवलंस. ते मी पाहिलंय. वर्षभर तोंड न उघडणारी पोरं तुझ्या सभेत उभी राहून बोलायची, तेही पाहिलंय. माझ्या वर्गात येईपर्यंत ती पुन्हा गप्प होत, आणि त्याचा मला राग यायचा. एवढं तुझं श्रेय तुला दिलं. आता पुढचं ऐक.

तुझा एक नियम होता. ठरावात कुणाचंही नाव घ्यायचं नाही. एकदा कुणी पोराने वर्गातल्या एका जाड्या मुलाचं नाव घेऊन ठराव मांडला होता, बाकावर याने एकट्यानेच बसावं म्हणून, आणि तो जाड्या घरी जाऊन रडला. तेव्हापासून तुझा कायदा निनावी. नियम सगळ्यांसाठी असतो, माणसासाठी नसतो, असं तू त्यांना शिकवायचीस. ऐकायला किती छान. कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापावं.

त्या शनिवारी मी तुझ्या दारात उभी होते, कारण तुमच्या गोंगाटात माझा नकाशा शिकवून होत नव्हता. जुलै असेल. सगळ्या खिडक्या पावसामुळे बंद, आणि डब्याची सुट्टी नुकतीच संपलेली. हार्दिक उभा राहिला. चांगला मुलगा, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. “बेन, डब्बानी बहु वास आवे छे. मने ऊलटी थाय छे.” त्याला खरंच मळमळत होतं, चेहरा पांढरा पडला होता. चारपाच जणांनी त्याला दुजोरा दिला. कुणाच्या डब्याचा वास, हे तू विचारू दिलं नाहीस. नियम. मग तुझ्या मदतीने त्यांनी ठराव तयार केला, आणि तो तू नेहमीप्रमाणे स्वच्छ भाषेत सांगितलास. ज्यांच्या डब्याच्या वासाने इतरांना त्रास होतो, त्यांनी डबा व्हरांड्यात बसून खावा.

मला माहीत होतं हे कुणाबद्दल आहे. तुलाही माहीत होतं. श्रुती, रेल्वे कॉलनीतली, वडील गार्ड, घर मूळचं रत्नागिरीचं. डब्यात बहुतेक अंड्याची पोळी, एखाद्या दिवशी सुकट. आपल्या शाळेत त्याविरुद्ध काही नियम नव्हता. आणि तू स्वतः काय खायचीस? डॉक्टरने रक्त कमी सांगितलं म्हणून रोजचं उकडलेलं अंडं, स्टाफरूमच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. आईकडे रविवारी मटण शिजायचं तेव्हा मला वाटीभर आणून द्यायचीस. त्या वर्गात तिच्या बाजूने उभं राहायला तुझ्याइतकं योग्य माणूस दुसरं नव्हतं.

तू म्हणालीस, “कोणाकोणाचा हात?” सगळे हात वर गेले. आणि श्रुतीचाही गेला. मी दारातून तिच्याकडेच बघत होते. दोन वेण्या, आणि उजवा हात चांगला सरळ, कोपर कानाला लागलेलं. तू तिच्याकडे पाहिलंस. क्षणभर थांबलीसही. आणि मग म्हणालीस, “सर्वानुमते मंजूर.”

सोमवारी ती डबा घेऊन व्हरांड्यात बसली आणि तू तुझं अंडं घेऊन तिच्या शेजारी. पावसाचे थेंब उडायचे म्हणून भिंतीला पाठ लावून दोघी. येणारेजाणारे बघत होते. आठवडाभरात शाळेत तुझी आरती सुरू झाली. किती मोठं मन, स्वतः बाहेर बसल्या. मी मात्र त्या सोमवारीच तुला स्टाफरूममध्ये धरलं होतं.

“शनिवारी तो ठराव मागे घे,” मी म्हणाले.

“मी कोण मागे घेणारी? मी काय सहावीत आहे?”

“मग पोरांना निदान सांग की हे चुकलं.”

“मी सांगितलं की ते माझं मत झालं ने, रेखा. त्यांचं कुठे राहिलं? कोणताही ठराव कोणीही पुन्हा मांडू शकतो. मी वाट बघते. कुणीतरी उठेल.”

“आणि नाही उठलं तर?”

“उठेल. मुलं आहेत. त्यांना दिसतंय ना मी बाहेर बसते ते.”

हा तुझा सगळा डाव. तू बाहेर बसून त्यांना लाजवणार, आणि मग त्यांच्यातला कुणी एक उभा राहून म्हणणार की बेन, आमचं चुकलं. तुला तो क्षण हवा होता. एक मूल आपणहून उठेल आणि तुझी सगळी शनिवारची सभा सार्थकी लागेल. त्यासाठी तू एका अकरा वर्षांच्या मुलीला व्हरांड्यात बसवून ठेवलंस. तुला चांगुलपणाचा धडा शिकवायचा होता आणि खडू म्हणून तिला वापरलंस, असं मी तेव्हा तुला म्हणाले, आणि आज तू गेल्यावरही तेच म्हणते.

कुणी उठलं नाही. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्रात पोरं गरब्याच्या ठरावात दंग झाली. तुम्ही दोघी तिथेच बसून होता. मुलांना त्यातून जे शिकायचं ते ती शिकलीच. वर्गाला जे नको असेल त्याने बाहेर जावं, आणि कुणी प्रेमळ माणूस त्याच्या सोबतीला गेलं की मग आत बसणाऱ्यांना काही टोचत नाही. हार्दिकला मळमळायचं थांबलं. तो तुला रोज खिडकीतून हात करायचा.

दिवाळीनंतर श्रुती ठेपले घेऊन आली. आईला सांगून तिने डबाच बदलला. येऊन गुपचूप आपल्या बाकावर बसली. मीनाबेन म्हणाल्या, चला, प्रश्न सुटला. तू मात्र एकटीच बाहेर बसत राहिलीस, परीक्षेपर्यंत, अंडं घेऊन. कुणाला दाखवायला? देव जाणे. मला एवढंच दिसत होतं की त्या पोरीने आपल्या आईच्या हातचा डबा सोडला आणि तू आपलं तत्त्व सोडलं नाहीस.

त्यानंतर आपण हे भांडण किती वर्षं रवंथ केलं. सहलीच्या बसमध्ये, निवडणुकीच्या ड्यूटीवर, माझ्या मुलाच्या लग्नात जेवणाच्या पानावर. माझं म्हणणं, ती घाबरली होती. चाळीस हात वर असताना एकटीने हात खाली ठेवायला अकराव्या वर्षी काय छाती लागते? तू ऐकायची नाहीस. तू म्हणायचीस, “तू तिला बिचारी करतेस. तिने विचार करून हात वर केला. दुसऱ्याला त्रास होतो हे तिला पटलं. मोठ्या मनाची आहे ती. एवढ्या वर्षांत मी पाहिलेली ती एकच खरी नागरिक.” असं म्हणताना तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मला तुला चिमटा काढावासा वाटायचा.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हाही तेच. तुझे यजमान, अशोकराव, औषधं आणायला खाली गेले होते. तुला धाप लागत होती, मी म्हटलं बोलू नकोस. तू माझं मनगट धरून म्हणालीस, “तिने हात वर केला होता, रेखा. ते तू नेहमी विसरतेस.” माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, “घाबरून केला होता.” तू मान फिरवलीस. नर्सने मला बाहेर काढलं. आपलं शेवटचं बोलणं ते. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तुला गोड बोलून निरोप दिला असता तर तूच ओळखलं असतंस की आता आपलं काही खरं नाही.

आता आजचं सांगते. बेसणं संपत आलं होतं, लोक चपला शोधत होते. फतेगंजातल्या कॉलेजातून एक मुलगी स्कूटीवरून आली, पाठीला सॅक. तुझ्या फोटोला नमस्कार केला, अशोकरावांशी दोन शब्द बोलली, आणि माझ्याकडे आली. “बेन, मी श्रुती. ओळखलं का?” मी तिला ओढतच बाहेर जिन्याजवळ नेलं. इतकी वर्षं मी तिच्या वतीने भांडत होते. मला माझा साक्षीदार सापडला होता, आणि तूही तिथे होतीस, हार घालून का होईना.

मी तिला सरळच विचारलं, “त्या ठरावाला तू हात का वर केला होतास ग? घाबरली होतीस ना?”

तिला आधी आठवेना. कुठला ठराव? मग म्हणाली, “हां, ते वासाचं. नाही हो, घाबरायचं काय? बेन कुठे ओरडायच्या?”

“मग? हार्दिकला त्रास होतो म्हणून?”

ती हसली. खरंच हसली, कुमुद, तोंडावर हात ठेवून. “नाही ने. मला वाटलं ते राजच्या डब्याबद्दल आहे. त्याची मम्मी रोज लसणाची चटणी द्यायची. काय वास मारायची ती.”

तीच पुढे म्हणाली, “आमच्या डब्याला वास येतो हे मला ठाऊकच नव्हतं, बेन. मला तर भूक लागायची त्याने. सोमवारी डबा उघडला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा कळलं.”

“कुमुदबेनना सांगायचं नाही का मग?”

“त्यांनी विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, चल, आपण दोघी बाहेर बसू. मला वाटलं त्यांना माहीत असेल.” मग म्हणाली, “छान होत्या बेन. पण मला बाहेर नव्हतं बसायचं.” तिला कॉलेजला परत जायचं होतं. हेल्मेट घालून ती गेली.

तर असं आहे. मी म्हणत होते भीती, तू म्हणत होतीस मोठं मन, आणि त्या पोरीने दुसऱ्यासाठी केलेला कायदा समजून हात वर केला. तुझ्या निनावी ठरावात तिला स्वतःचं नाव दिसलंच नाही. इतर चाळीस जणांना मात्र दिसत होतं. तू नाव घेऊ दिलं असतंस तर ती रडली असती, चिडली असती, त्या राजची चटणी बाहेर काढली असती, भांडली असती. त्या गोलात काहीतरी झालं असतं. नागरिकशास्त्र म्हणून आपण शिकवतो ते तेच ना? तुझी एकुलती एक खरी नागरिक, कुमुद, तिला मत कशावर देतोय हेच माहीत नव्हतं.

आचार्यांना मी उद्या सांगणार आहे की फोटोखाली नुसतं नाव लिहा. त्यांना राग येईल, मीनाबेन म्हणतील की रेखाबेनचा जुना दात आहे. म्हणू देत. ती गोष्ट मी पोरांसमोर लावू देणार नाही. ती वाचून दर वर्षी एखादी मुलगी समजेल की आपल्याला बाहेर बसवलं की शेजारी कुणी येऊन बसतं आणि तेवढ्याने न्याय झाला.

तुझी मला आठवण येणार आहे, हे काही मी नाकारत नाही. पार्टिशनपलीकडे आता दुसरी कुणी येईल, शांतपणे धडे वाचून घेईल, आणि मला माझा नकाशा बिनबोभाट शिकवता येईल. त्याचंही पाप तुझ्याच माथी.

पण तू आत्ता समोर असतीस तर मी तुला एवढंच ऐकवलं असतं. तू तिला एकच प्रश्न विचारायला हवा होतास: श्रुती, तू हात का वर केलास ग? सात शब्द. मला ते विचारायचं सुचलं नाही, हे खरं आहे. पण सबंध पावसाळाभर, रोज डबा उघडून, मी तिच्या शेजारी बसत नव्हते. तू बसत होतीस.